वजन न वाढणारे बाळ आणि हात उगारणारी ताई: एक प्रकरण

हे प्रकरण कोण्या एका घराचे नाही. दुसरे बाळ आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अनेक घरांत जे दिसते ते इथे एकाच कुटुंबाच्या रूपात मांडले आहे. आकडे मांडणीसाठी घेतलेले आहेत, पण प्रत्यक्षात आढळतात त्याच पल्ल्यातले.

घरात आई, बाबा, आजी, २६ महिन्यांची मुलगी आणि २४ दिवसांचा मुलगा. डॉक्टरांपुढे तक्रारी दोन आल्या, त्याही सुट्या सुट्या. पहिली, बाळाचे वजन हवे तसे वाढत नाही. दुसरी निघता निघता दारात सांगितलेली: मोठी बाळाला मारते, पॉटीवर बसायचे तिने सोडले आहे, रात्री तीनदा उठते. पहिलीसाठी टॉनिक हवे होते, दुसरीसाठी "हिचं काय करू?" एवढाच प्रश्न. दोन्हींचे मूळ एकाच जागी निघाले: दिवसा बाळाला पाजताना त्या खोलीत काय चालते, तिथे.

वजनाचा हिशेब

जन्माच्या वेळी ३१५० ग्रॅम. चौथ्या दिवशी २९३०, म्हणजे सुमारे ७ टक्के घट. पहिल्या काही दिवसांत बाळ अंगातले जास्तीचे पाणी टाकते, त्यामुळे एवढी घट चालते. १० टक्क्यांच्या पुढे गेली तर थांबून चालत नाही. चौदाव्या दिवशी ३०९०. पहिली खूण इथेच होती. बहुतेक बाळे १० ते १४ दिवसांत जन्माचे वजन परत गाठतात, हे अजून ६० ग्रॅम मागे होते. चोविसाव्या दिवशी ३२३०, म्हणजे दहा दिवसांत १४० ग्रॅम, रोजचे १४. पहिल्या तीन महिन्यांत रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ धरतात.

ही सगळी वजने एकाच काट्यावर, बाळाला पूर्ण उघडे करून घेतलेली होती, म्हणून त्यांवर विसंबता आले. घरोघरी निम्मा घोळ इथेच होतो. एकदा दुपट्यासकट, एकदा ओल्या डायपरसकट, तिसऱ्यांदा भलत्याच काट्यावर वजन घ्यायचे आणि मग ५० ग्रॅमची घट झाली म्हणून रात्र जागून काढायची.

वजनाच्या जोडीला दुसरा पुरावा डायपरचा. पहिला आठवडा संपताना २४ तासांत किमान ६ चांगले ओले डायपर हवेत. या बाळाचे ५ होत होते आणि लघवी पिवळी पडत होती. पहिल्या महिन्यात अंगावर पिणाऱ्या बाळाला बहुधा तीन-चार वेळा पिवळी, सैल शी होते. याला दोनदाच होत होती.

तपासणीत ताप नाही, कावीळ नाही, हृदयाचा आवाज ठीक, जीभ मोकळी (खाली चिकटलेली नाही), लघवीत संसर्ग नाही. हा टप्पा गाळून "आईला दूध कमी आहे" असे घरच्या घरी ठरवून टाकणे धोक्याचे, कारण मंद वाढीमागे कधी कधी खरेच आजार असतो. इथे तो नव्हता.

४८ तासांची वही

मग दोन दिवस प्रत्येक वेळच्या पाजण्याची नोंद ठेवायला सांगितली. रकाने पाच: वेळ, बाजू, मिनिटे, गिळण्याचा आवाज येतो का, आणि पिणे कशामुळे थांबले. शेवटचा रकाना सहसा कोणी ठेवत नाही. या प्रकरणाचा उलगडा त्यातच होता.

रात्री नऊ ते सकाळी सात या वेळात बाळ रोज चारदा पीत होते, प्रत्येक वेळी २० ते २५ मिनिटे. शेवटी स्वतःहून तोंड सोडत होते, मुठी सैल झालेल्या. दिवसा पाचदा, सरासरी ९ मिनिटे. दोन दिवसांत दिवसाची मिळून दहा पाजणी झाली, त्यांतली आठ मोठीमुळे तुटली: मांडीवर चढली, बाळाचा पाय ओढला, "शू आली" म्हणाली, दाराबाहेर रडत बसली.

पाजण्याआधी आणि लगेच नंतर, त्याच कपड्यांत व त्याच डायपरमध्ये वजन केले तर पोटात गेलेले दूध कळते; एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. तुटलेल्या पाजण्यांत ३० ग्रॅमच्या आसपास भरले, निवांत पाजण्यांत ६५ च्या. अशा एखाद्या मोजणीवरून काहीच ठरवू नये, दोन-तीन वेळा तरी घ्यावी. इथे आकडा पुन्हा पुन्हा तसाच आला. रोजच्या चार तुटलेल्या वेळांचे ३० आणि उरलेल्या पाच वेळांचे ६५ धरले तर २४ तासांचे ४४५ मिलिलिटर होतात. या वयात किलोमागे सुमारे १५० मिलिलिटर लागते, म्हणजे या बाळाला ४८५ हवे होते.

वहीत आणखी एक गोष्ट सापडली, जी तक्रारीत कोणी सांगितलीच नव्हती. दुपारी बाळ सलग चार-साडेचार तास झोपत होते, आणि "किती शहाणं बाळ आहे, त्रासच नाही" असे घरात कौतुक चालले होते. कमी पोटात जाणारे बाळ पुष्कळदा रडत नाही, शक्ती राखायला झोपते. वजन रुळावर येईपर्यंत दिवसा तीन तासांच्या वर झोपू द्यायचे नाही.

नऊ मिनिटांत काय राहून जाते

बाळ तोंडात घेताच दूध धो-धो येत नाही. काही वेळ भराभर चोखल्यावर पान्हा फुटतो आणि चोखणे संथ, खोल होते: चोखले, क्षणभर हनुवटी थांबली, गिळले. पान्हा फुटण्यावर आईच्या मनःस्थितीचा परिणाम होतो. दुखत असेल, किंवा आता कोण कुठून येऊन आदळेल म्हणून अंग आखडलेले असेल, तर तो लांबतो. गाय पान्हा चोरते म्हणतात तसेच हे, फक्त आई जाणूनबुजून काही करत नसते. नऊ मिनिटांतली तीन-चार अशी गेली की उरते काय?

शिवाय स्तन रिकामा होत जातो तसे दुधातले स्निग्ध प्रमाण वाढते. दर वेळी मध्येच सुटलेले बाळ त्या भागाला मुकते. आणि दूध आत साठून राहिले की शरीर ते कमी बनवू लागते. हे दोन-तीन आठवडे चालले तर "दूध कमी आहे" हे वाक्य, जे सुरुवातीला खोटे होते, ते खरे होऊन बसते.

आता मोठीच्या बाजूने पाहा. दिवसभरात आईची मांडी अडकलेली, नजर खाली आणि हात बांधलेले, अशी वेळ हीच. ती जवळ जाऊन काही बोलली तर "थांब हं" ऐकू येते. बाळाला चापट मारली तर मांडी त्या क्षणी रिकामी होते आणि आई पूर्ण तिच्याकडे वळते, रागावून का होईना. दहापैकी आठ वेळा हे साधले. दोन वर्षांच्या मुलीसाठी हा मत्सरापेक्षा साधा हिशेब आहे, आणि तो तिने बरोबर मांडला आहे.

घरच्यांनी आधी केलेले उपाय

मोठीला दर वेळी खोलीबाहेर काढून दार लावून घेतले. ती दारावर धपाधप मारत रडली, आत पान्हा अडला. वर "बाळ आलं की मला बाहेर काढतात" हा तिचा अंदाज पक्का झाला.

मोबाइल दिला. चार दिवस उत्तम चालले. पाचव्या दिवसापासून मोबाइल काढून घेताना आकांत सुरू झाला, आणि नेमका तो आवरायच्या वेळी आईच्या हातात ढेकर काढायचे बाळ.

संध्याकाळी एक बाटली वरचे दूध सुरू केले, पण त्या वेळचे आईचे दूध काढले नाही. स्तनाला एक पाळी सुट्टी मिळाली आणि पुरवठा आणखी उतरला. वरचे दूध देणे हा गुन्हा नाही, कधी कधी ते द्यावेच लागते. पण ज्या वेळी ते दिले त्या वेळी स्तन रिकामा करायचे राहून गेले की पेच वाढतो.

आणि सगळ्यांनी मिळून समजावले: "तू आता ताई झालीस, मोठी झालीस." २६ महिन्यांच्या मुलीला हे कौतुक वाटत नाही, बढतीशिवाय वाढलेले काम वाटते.

नवी व्यवस्था

ती पाजण्याच्या पाच मिनिटे आधी सुरू होते. त्यासाठी बाळ रडायची वाट पाहायची नाही. रडणे ही भुकेची शेवटची पायरी आहे. त्याआधी बाळ तोंड इकडेतिकडे वळवते, जीभ बाहेर काढते, मूठ तोंडाकडे नेते. तेवढे दिसले की आधी मोठीचे उरकायचे: पॉटीवर बसवून पाहणे, पाणी, थोडे खाणे. दहा मिनिटांनी ती ज्या तीन कारणांसाठी येणार होती, ती तिन्ही आधीच संपतात.

जागा बदलली. पलंगाच्या मधोमध बसण्याऐवजी आई जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून, मांडीखाली उशी घेऊन बसू लागली. एका कुशीत बाळ, दुसरी कूस मोकळी. बाळ बगलेखालून धरले, म्हणजे पाय आईच्या पाठीकडे, तर त्याचे पाय मोठीच्या हाताला लागतही नाहीत आणि मांडीचा बराच भाग तिला मिळतो. खोलीचे दार आतून बंद. पॉटी, पाण्याचा पेला आणि पुसायचे फडके आतच. मोठी आत आहे, बाहेर नाही, हा फरक तिला पहिल्या दिवशीच कळला.

एक पेटी केली. त्यात पाच-सहा वस्तू, ज्या फक्त पाजतानाच निघतात: चिकटवायचे कागदी ठिपके, झाकणे लावायचे डबे, दोन जाड पुठ्ठ्याची चित्रांची पुस्तके, पिशवीत हात घालून ओळखायच्या वस्तू. पाजणे संपले की पेटी वर. दर तीन-चार दिवसांनी दोन वस्तू बदलायच्या. पेटी दिवसभर खाली राहिली तर दुसऱ्या दिवशी ती नुसती अडगळ होते. इथे आजीने प्रेमापोटी दोनदा असे केले आणि दोनदा पेटी नव्याने भरावी लागली. पेटीत मणी, नाणी, चुंबक, बटणाएवढ्या बॅटऱ्या नकोत. ताई बाळाला भरवायला जाते, आणि ही बॅटरी गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. मोठीच्या स्वतःच्या घशासाठीही हाच नियम.

पेटी सरासरी आठ मिनिटे पुरते. जास्त अपेक्षा ठेवू नये. पुढची बारा मिनिटे आईच्या मोकळ्या हाताची आणि तोंडाची: पुस्तकाची पाने मोठीने उलटायची, गोष्ट आईने सांगायची.

बोलण्यातला एक बदल दिसायला किरकोळ, पण सगळ्यात लवकर उपयोगी पडला तो हाच. "बाळ पितंय, थांब" ऐवजी "माझे हात गुंतलेत, झाले की येते." बाळाच्या नावावर पावती फाडायची नाही. आणि दिवसातून दोन-तीनदा, बाळ नुसते जागे पडलेले असताना, मोठीला ऐकू जाईल असे बाळाला सांगायचे: "बाळा, थांब जरा, आता ताईची पाळी." बाळाला काही फरक पडत नाही; ताईच्या चेहऱ्यावर पडतो.

दिवसातून एकदा १५ मिनिटे फक्त मोठीची. खेळ तिने ठरवायचा, फोन दुसऱ्या खोलीत, बाळ आजीकडे. रोज त्याच वेळी. तासभराचा रविवार याची जागा घेत नाही, कारण या वयात रविवार किती दूर आहे ते कळत नाही.

बाळाच्या बाजूने तीन गोष्टी. पकड: तोंड जांभईएवढे उघडल्यावरच जवळ घ्यायचे, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, सुटल्यावर स्तनाग्र गोल दिसावे, एका बाजूने चपटे नाही. झोपाळू झाले तर कपडे सैल करणे, बाजू बदलण्याआधी डायपर बदलणे, चोखणे मंदावल्यावर स्तन हलकेच दाबून धरणे. आणि पहिले चार दिवस, सकाळच्या दोन पाजण्यांनंतर हाताने किंवा पंपाने दूध काढून त्यातले २५-३० मिलिलिटर लहान पेल्याने दुपारी. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस टिकते. संध्याकाळची बाटली पाच दिवसांत सुटली.

हात उगारल्यावर

पहिला नियम व्यवस्थेचा आहे, शिस्तीचा नाही: मोठी आणि बाळ कधीही, दार उघडून येण्याइतका वेळसुद्धा, दोघेच नकोत. चापटीपेक्षा लाड धोक्याचे: उचलून घेणे, तोंडावर पांघरूण घालणे, अंगावर आडवे होणे. त्यांत राग नसतो, म्हणून आवाजही येत नाही.

हात वर गेला की वाटेतच धरायचा. शब्द मोजून: "मारू देणार नाही. बाळाला लागतं." लगेच तोच हात धरून बाळाच्या पावलावर हळू फिरवायचा: "असा हळू." व्याख्यान नाही, माफी मागायला लावणे नाही. आणि पाजणे थांबवायचे नाही. हे आईला सर्वांत कठीण गेले, पण त्यावरच सारे अवलंबून होते. आई उठली की जुना हिशेब पुन्हा बरोबर येतो. म्हणून पहिले तीन दिवस दिवसाच्या पाजण्याला आजी किंवा बाबा खोलीत बसले, नुसते हात धरायला.

तिसऱ्या दिवशी चापटा वाढल्या. चालणारी युक्ती अचानक चालेनाशी झाली की मूल आधी ती जोराने करून पाहते. बहुतेक घरे इथेच हार मानतात. सातव्या दिवशी दिवसभरात एक चापट होती.

मोठीने एकदा "मलापण" म्हणून तोंड लावायचे विचारले. आईने लावू दिले. चोखायचे कसे ते ती विसरली होती. तोंड वाकडे करून पेटीकडे गेली.

पॉटी, पलंग आणि रात्र

बाळ येण्याआधीच्या सहा आठवड्यांत या मुलीच्या आयुष्यात पॉटी सुरू झाली, पाळणा जाऊन पलंग आला आणि झोपायची खोली बदलली. सगळे "बाळ यायच्या आत उरकू" म्हणून. हे मोठे बदल बाळंतपणाच्या आधी दोन-तीन महिने तरी करावेत, नाहीतर सरळ नंतर दोन-तीन महिन्यांनी.

पॉटीबाबत माघार घेतली: डायपर परत, टोमणा नाही, "हवं तेव्हा सांग". चौकशीत निघाले की तिला तीन दिवसांनी एकदा, कडक शी होते. दुखते म्हणून ती रोखते, आणि भरलेले आतडे मूत्राशयावर दाबते, म्हणून कपडे ओले. हट्ट समजून रागावलेल्या गोष्टीत निम्मे कारण बद्धकोष्ठाचे होते. त्याचे औषध डॉक्टरांनी वेगळे दिले. पॉटीवर पाय अधांतरी राहू नयेत म्हणून खाली पाट ठेवला.

रात्री मोठी उठली की बाबाच जायचे, आई नाही. पहिल्या चार रात्री रडणे झाले. मात्र ती आईच्या पलंगावर बाळाशेजारी येऊन झोपणार नाही, यात सूट नव्हती. बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, स्वतःच्या जागेत, उशी-पांघरूण-खेळण्यांशिवाय. आईच्या खोलीत, पण भावंडासोबत नाही. दमलेल्या आईने सोफ्यावर पाजता पाजता डोळा लागू देणे हे तर पलंगाहूनही धोक्याचे.

मध्येच आलेली सर्दी

तेहतिसाव्या दिवशी मोठीला सर्दी झाली. दोघांना पूर्ण वेगळे ठेवणे जमत नाही आणि तसे केले तर आठवड्याची मेहनत वाया जाते. म्हणून पापा फक्त पावलांचा, खोलीत येताना २० सेकंद साबणाने हात, फडकी वेगळी. बाळासाठी चार खुणा भिंतीवर लावल्या: ३८ अंश किंवा जास्त ताप, निम्म्याहून कमी पिणे, मिनिटाला ६० च्या वर श्वास किंवा बरगड्यांखाली खळगा पडणे, उठवूनही न उठणे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला की घरी औषध देऊन वाट पाहायची नसते, त्याच वेळी निघायचे. बाळाला फक्त नाक चोंदण्यापर्यंतच झाले. पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब पुरले.

पुढची वजने

एकतिसाव्या दिवशी ३४३५, म्हणजे रोजचे २९. अडतिसाव्या दिवशी, सर्दीचा आठवडा धरून, ३६००; रोजचे २३ ते २४. ओले डायपर सात-आठ. दिवसाचे पाजणे सरासरी १९ मिनिटे.

सहाव्या आठवड्यात बाळाचे संध्याकाळचे रडणे वाढले आणि घरात पुन्हा "दूध कमी" सुरू झाले. वजन वाढत असताना या वयात रडणे शिगेला पोहोचते, नंतर उतरते. असह्य झाले तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे. गदगदा हलवू कधीच नये. याच भेटीत आईलाही विचारले गेले. बाळंतपणानंतरचे रडवेपण दोन आठवड्यांत ओसरायला हवे. तिचे सहाव्या आठवड्यातही चालू होते, बाळ झोपले तरी तिला झोप लागत नव्हती. तिला त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. हा प्रश्न चोविसाव्या दिवशीच विचारायला हवा होता. वहीत तिच्या झोपेचा रकाना नव्हता.

आठव्या आठवड्यात चापटा जवळपास थांबल्या. पॉटी अजून सुरू केलेली नाही, पलंगही तसाच. मोठी आता बाळ रडायला लागले की स्वतःच पेटी मागते, आणि कधी कधी बाळ झोपलेले असतानाही.